मोबाईलचं अपडेट ‘नंतर बघू’ म्हणताय? आधी हे वाचा

खर्डा (ता. जामखेड) : फोनवर ‘अपडेट करा’ असा मेसेज आला की बरेच जण तो सरकवून देतात. डेटा जाईल, फोन स्लो होईल अशी धास्ती. पण त्या अपडेटमध्ये अनेकदा सुरक्षेची दुरुस्ती असते.

अँड्रॉइड फोन लिनक्स कर्नलवर चालतो. कर्नल म्हणजे फोनचा गाभा. कोणत्या ॲपला काय बघू द्यायचं, कशाला हात लावू द्यायचा, यावर त्याचीच राखण असते. त्यातच चूक राहिली तर साधं गेमचं ॲपही फोनचं मालक होऊन बसतं. परवानगीसुद्धा विचारत नाही.

‘डर्टी काऊ’ ही अशीच चूक. नावाचा गाईशी संबंध नाही; ‘कॉपी ऑन राइट’ची ती आद्याक्षरं. सातबाऱ्याच्या नकलेवर कितीही खाडाखोड करा, तलाठ्याचं मूळ दफ्तर बदलत नाही. कर्नलही ॲपला अशीच नक्कल देतो. पण या चुकीमुळे नेमका क्षण साधला की खाडाखोड थेट मूळ दफ्तरातच व्हायची. २००७ पासून ही चूक लिनक्समध्ये होती, ती सापडून दुरुस्त झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये.

अँड्रॉइडसाठीही २०१६ अखेर दुरुस्ती आली. तरी २०१७ मध्ये ‘झेडएनआययू’ नावाच्या व्हायरसनं हीच फट वापरली. ट्रेंड मायक्रो कंपनीला तो ४० हून अधिक देशांत आढळला. बहुतेक फोन चीन आणि भारतातले होते. दुरुस्ती निघाली होती, पण ज्या फोनवर ती पोचली नाही, ते उघडेच राहिले.

मग करायचं काय?

सेटिंग्जमध्ये ‘अबाऊट फोन’ किंवा ‘सिक्युरिटी’ उघडून शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. अपडेट आलेलं असेल तर वायफायवर, फोन चार्जिंगला लावून करून घ्या.

तारीख दोन-तीन वर्षं जुनी असेल आणि कंपनी अपडेट देत नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका. घरातला जुना फोन म्हाताऱ्या माणसांकडे जातो, आणि पेन्शनचा ओटीपीही त्याच्यावरच येतो. तो आधी तपासा.

व्हॉट्सॲपवर योजनेच्या नावानं आलेली ‘एपीके’ फाईल उघडू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावा.