टेंभुर्णीचं लाकूड, लांबचा टोला

जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. टेंभुर्णी म्हणजे विडीच्या पानांचं झाड. त्याचाच अमेरिकेतला भाऊबंद पर्सिमन. गोल्फमध्ये लांब टोला हाणायच्या काठ्यांची डोकी कित्येक दशकं याच कठीण लाकडाची असत. १९७९ च्या सुमारास पोलादी डोकी आली आणि लाकूड मागं पडलं. 'फेअरवे वूड' हे नाव तेवढं उरलं.

फेअरवे म्हणजे मैदानावरची कापलेल्या गवताची पट्टी. तिथं चेंडू जमिनीलगत असतो. नवखा खेळाडू तो उचलायला जातो आणि फसतो. काठी आधी मातीत रुतते, नाहीतर चेंडूच्या माथ्याला लागते. खरं तर तीन नंबरच्या वूडचा चेहरा साधारण १५ अंश मागं कललेला असतो. चेंडू उचलणं हे त्याचं काम. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं चेंडू डाव्या टाचेच्या जरा आत ठेवावा आणि अंगण झाडावं तशी काठी गवतावरून न्यावी.

विटी-दांडू खेळलेल्यांना हे सांगायला नको. नुसता जोर लावणाऱ्याचा टोला हुकतो; दांडूच्या नेमक्या जागी बसलेली विटी आपसूक लांब जाते. इथंही तेच. एखादा टोला फार लांब जाण्यापेक्षा दहातले आठ मध्यावर बसणं मोलाचं. अंतर त्यातूनच वाढतं.

पुण्याचे उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळले. आपल्या पोराला मैदान मिळेल तेव्हा मिळो. तोवर मोकळ्या रानात, एकाच खुणेवरून काठी वीसदा फिरवायला कोणाची परवानगी लागत नाही.