धक्क्याला लागलेल्या नौकेचं घरकाम

शिडाची नौका हेच ज्यांचं घर, त्यांना बंदरात विश्रांती कमी आणि कामंच जास्त. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचं ओर्ता हे अशा नौकांचं लाडकं ठिकाण. कॅरिबियनहून युरोपला परतणाऱ्या नौका प्रवासातली झीज इथे भरून काढतात.

सकाळी आधी तळाची फळी उचलून साचलेलं पाणी बघतात. थेंब जिभेला लावायचा: खारट असेल तर समुद्र आत शिरतोय, गोडं असेल तर टाकी किंवा नळी गळतेय. मग दोर तपासायचे. धक्क्यावर दोर घासतो तिथे जुन्या होजपाइपचा तुकडा चढवतात.

सर्वात दुर्लक्षित, पण महत्त्वाची वस्तू म्हणजे पाण्याखालचा जस्ताचा तुकडा. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि एक धातू विरघळू लागतो. जस्त आधी झिजतं, म्हणून नौकेला ढकलणारा पितळी किंवा काशाचा पंखा वाचतो. धक्क्यावरची वीज घेतली की अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या नौकाही जोडल्या जातात आणि जस्त अधिक वेगाने संपू शकतं. अर्धं झिजलं की ते बदलायचंच. इथे काटकसर महागात पडते.

बाकी फेऱ्या गावातल्या: किराणा, डिझेल, गॅस. सिलिंडरची तोंडं देशागणिक वेगळी, त्यामुळे जोडणीचे सुटे भाग जवळ लागतात. कपडे मात्र गोड्या पाण्यातच धुवावेत, कारण मीठ हवेतला ओलावा शोषतं आणि खारट कपडे दमटच राहतात.