‘प्रेमापोटी’ दिलेले रान

जमिनीच्या बक्षीसपत्रात एक शब्द हटकून असतो : ‘प्रेमापोटी’. धाराशिवला वकिली करताना असे कितीतरी कागद माझ्या हाताखालून गेले. लिहून देणारी म्हातारी, घेणारा मुलगा किंवा पुतण्या, खाली दोन साक्षीदार आणि मजकुरात हे प्रेम! पुढे वाद पेटला, की आम्ही वकील त्याच कागदात दुसरा शब्द शोधू लागतो. तो बहुधा सापडत नाही. तो शब्द म्हणजे ‘अट’.

लोहारा तालुक्यातील एका निपुत्रिक विधवेची हकीकत सांगतो. नवऱ्यामागे चार एकर रान आणि एक विहीर एवढाच तिचा आधार. पुतण्या म्हणाला, “काकू, आता कशाला रानात हिंडता? माझ्या नावावर करा, मी सांभाळतो तुम्हांला.” काकूंनी 2019 मध्ये अंगठा दिला. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या वर्षी काकूंचे ताट वेगळे झाले आणि पुढे ताटच येईनासे झाले.

मी विचारले, “मावशी, सांभाळायची अट कागदात घातली होती का?”

म्हातारी म्हणाली, “सायेब, लेकराकडून काय लिहून घ्यायचं? मी रान दिलं, पोट न्हवं दिलं!”

तिचे म्हणणे कोणालाही पटावे असेच होते. पण कायदा कागद वाचतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बक्षीसपत्राची नोंदणी झाली आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, की व्यवहार पुरा झाला. केवळ मन पालटले म्हणून दिलेले परत मागता येत नाही. फसवणूक किंवा दडपण झाल्याचे शाबीत करावे लागते, आणि दिवाणी दाव्यात वर्षे जातात. काकू प्रथम तलाठ्याकडे गेल्या होत्या. पण फेरफाराची नोंद महसुलासाठी असते. मालकीचा वाद तेथे सुटत नाही.

अशा माणसांसाठी 2007 मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कायदा झाला. महाराष्ट्रात अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करावयाचा. या कायद्याचे कलम 23 सांगते, की ‘मला सांभाळावे’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. 6 डिसेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अशी अट होती हे दाखवावे लागेल; नुसत्या नात्यावरून ती गृहीत धरता येणार नाही. काकूंचे रान येथेच अडले. मात्र निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ताब्यात असलेल्या वारसदार नातेवाइकावर पोटगीची जबाबदारी हाच कायदा टाकतो. रान गेले ते गेलेच. महिन्याची पोटगी तेवढी काकूंच्या हाती आली.

याच्या उलट छत्तरपूरच्या एका आईचे पाहा. तिनेही 2019 मध्येच मुलाला बक्षीसपत्र करून दिले. मात्र तेव्हाच मुलाने सांभाळ करण्याचे एक वेगळे वचनपत्र लिहून दिले असल्याचे तिचे म्हणणे होते. मुलगा म्हणाला, हा कागद बनावट आहे. उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे ती हरली. पण 2 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून मालमत्ता आईला परत देवविली. दोन्ही बायांचे दुःख एकच. फरक केला तो एका चिठोऱ्याने.

हे केवळ खेड्यापाड्यांतच घडते असे समजू नका. रेमंडचे विजयपत सिंघानिया यांनी 2015 मध्ये आपले सुमारे 37 टक्के शेअर मुलाला दिले आणि 2017 मध्ये राहत्या जागेसाठी त्यांना मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. आमच्या शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने तर आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून घेण्याचा ठराव 2020 मध्ये केला!

शेतजमीन किंवा राहते घर मुलाला, मुलीला वा नातवंडाला बक्षीस द्यायचे तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये पडते. पुतण्या-भाच्यांना ही सवलत नाही. देणे असे स्वस्त झाले म्हणून ते घाईने करू नये. आधी आपले किती ते पाहावे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता; कित्येक घरांतले जुने कागद उर्दूत आहेत. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. रान वडिलोपार्जित निघाले तर त्यात लेकींचाही जन्मतः हिस्सा आहे. वडील 9 सप्टेंबर 2005 पूर्वी वारले असले तरी तो जात नाही, असा 2020 चा निकाल आहे.

एवढे करूनही द्यावेसे वाटले, तर ‘मी हयात असेतो माझे अन्नवस्त्र, औषधपाणी व निवारा घेणाऱ्याने करावा, न केल्यास हा दस्त रद्द होईल’ अशी अट त्याच कागदात घालावी. त्याहून सोपे म्हणजे मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही, आणि जिवंत असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते.

दिवाळीला लेकी माहेरी येतात, भाऊ-पुतणे ओसरीवर जमतात आणि फराळाच्या ताटाशीच ‘नावावर करण्याचा’ विषय निघतो. निघू द्या. अट घालायची म्हटल्यावर कोणी रुसलेच, तर अंगठा उमटण्यापूर्वी रुसलेले बरे!