फोनच्या मागून वरात

मागच्या सेमिस्टरला मी नवीन फोन घेतला. मग त्याला कव्हर आलं, स्क्रीनगार्ड आला, आणि जुना हेडफोन शोभेना म्हणून इअरबड्सही आले! महिनाअखेरीस मेसच्या पैशांसाठी घरी फोन करावा लागला. बाबा काही बोलले नाहीत, लगेच पैसे पाठवले. तेच जास्त लागलं.

असं का होतं? देनी दिदरो या फ्रेंच लेखकाने १७६९ मध्ये यावर एक छान लेख लिहिला होता. त्याला एक भारी नवा गाउन मिळाला. त्यापुढे घरातली जुनी खुर्ची, टेबल, चित्रं सगळंच कळकट वाटू लागलं. एकेक करून त्याने सगळं बदललं आणि शेवटी जुन्या गाउनसाठी हळहळत बसला. १९८८ मध्ये ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने याला 'दिदरो इफेक्ट' असं नाव दिलं. थोडक्यात, वस्तू एकटी येत नाही, वरात घेऊन येते.

म्हणून आता काही घ्यायच्या आधी मी वहीत लिहितो, याच्या मागून काय काय येणार? त्या सगळ्याची बेरीज हीच खरी किंमत. नवीन शूज असेच दोनदा राहिले. जुने अजून मस्त चालतायत. आणि या महिन्यात घरी फोन केला, तो नुसत्या गप्पा मारायला!