टाकीत ढवळलेलं औषध पानावर सारखं पोचतं का?

कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पुड्यावर ‘५० टक्के डब्ल्यूपी’ असं छापलेलं असतं. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळणारी भुकटी. ती पाण्यात किती सारखी पसरते आणि फवारणी संपेपर्यंत तशी राहते का, यावर प्रत्येक पानाच्या वाट्याला येणारी मात्रा ठरते.

गैरसमज : ढवळली की भुकटी पाण्यात विरघळते.

वस्तुस्थिती : मोरचूद विरघळतं, म्हणून त्याचं पाणी निळं असूनही आरपार दिसतं. कॉपर ऑक्सिक्लोराइड जवळजवळ विरघळतच नाही; त्याचे काही मायक्रॉनचे कण पाण्यात तरंगतात आणि पाणी गढूळ दिसतं. न विरघळणं हा इथे गुणच आहे. एकदम विरघळलेलं तांबं पान करपवतं. पानावर बसलेले कण मात्र दवात-पावसात थोडं थोडं तांबं सोडत बुरशी रोखतात.

गैरसमज : भुकटी जितकी बारीक, तितकी ती आपोआप छान पसरते.

वस्तुस्थिती : बारीक कण सावकाश बसतो, हे खरं. पाण्याच्या साडेतीनपट घनतेचा १० मायक्रॉनचा कण साधारण १२ मिनिटांत १० सेंटिमीटर खाली जातो. १ मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे २० तास लागतात. पण बारीक कण एकमेकांना चिकटायलाही तयार असतात, आणि चिकटून झालेला पुंजका मोठ्या कणासारखाच झपाट्यानं बसतो. म्हणून भुकटीत दोन मदतनीस घालतात. एक कण भिजवतो. दुसरा कणांवर बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. या दुसऱ्या कामासाठी लिग्नोसल्फोनेट वापरतात. ते कागदाच्या लगद्याच्या उद्योगातून मिळतं आणि कणांना ऋणभार देतं. सारखा भार असलेले कण एकमेकांना ढकलतात.

गैरसमज : काठी जोरात फिरवली की काम झालं.

वस्तुस्थिती : भरल्या टाकीत कोरडी भुकटी ओतली, तर गुठळी बाहेरून भिजते आणि आत हवा कोंडून कोरडीच राहते. पिठल्याचं बेसन आधी थोड्या पाण्यात कालवतात, तशी भुकटी बादलीत काठीनं कालवून मग टाकीत घालावी. हात घालू नये. पाण्याचाही प्रश्न आहे. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर दुहेरी धनभार असतो. तो कणांवरचा ऋणभार निष्प्रभ करतो आणि सुटे झालेले कण पुन्हा एकत्र येतात. म्हणूनच कीडनाशकांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत ३४२ पीपीएम कठीणतेचं प्रमाणित पाणी वापरतात. मिश्रण २५० मिलिलीटरच्या मोजपात्रात ३० मिनिटं स्थिर ठेवतात, वरचा नऊ-दशांश भाग अलगद काढून घेतात आणि तळाच्या दशांशात किती औषध उरलं ते मोजतात.

गैरसमज : तळाशी गाळ दिसला म्हणजे औषध बनावट.

वस्तुस्थिती : गाळ किती लवकर बसला यापेक्षा तो सहज उठतो का, हे पाहावं. सैल पुंजके लवकर बसतात, पण त्यांचा थर फुसफुशीत असतो आणि थोडं हलवलं की वर येतो. उलट पूर्ण सुटे कण सावकाश बसतात, पण एकमेकांच्या फटीत घट्ट रचले जातात. असा थर दगडासारखा होऊ शकतो. त्यामुळे बाटलीतल्या द्रवरूप ‘एससी’ औषधांत कण नुसते सुटे ठेवून भागत नाही. झँथन गमसारखा दाटपणा आणणारा पदार्थ घालून ते बसणारच नाहीत, अशी तजवीज करतात.

गैरसमज : फवारा सुरू झाला की ढवळायची गरज नाही.

वस्तुस्थिती : कण बसत राहिले तर एकाच टाकीतून काही झाडांना पातळ आणि काहींना दाट औषध जातं. पातळ मिळालेल्या झाडांवर रोग राहतो, दाट मिळालेल्यांची पानं करपतात, आणि गाळानं नोझल तुंबतं ते वेगळंच. अशा वेळी पुढच्या फवारणीला मात्रा वाढवून फरक मिटत नाही. टाकी रिकामी होईपर्यंत ढवळत राहणं, हाच उपाय आहे.