ताडपत्रीच्या भोकातून

नेदरलँड्सचा जवळजवळ चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. गावागावांतून कालवे जातात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना कठडाही नसतो. तिथे मूल चार-पाच वर्षांचं झालं की आईबाप त्याला पोहायला घालतात, ते काही केवळ हौसेने नव्हे. पोहण्याची तीन प्रमाणपत्रं असतात: ए, बी आणि सी. ‘झ्वेम-एबीसी’ म्हणून ही पद्धत ओळखली जाते. परीक्षेचा काही भाग अंगात कपडे आणि पायांत बूट घालून द्यावा लागतो, कारण कालव्यात पडणारा माणूस पोहण्याच्या चड्डीत नसतो. मला मात्र यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग वेगळाच वाटतो. तलावात एक ताडपत्री उभी सोडलेली असते, तिला एक भोक. पाण्यात शिरायचं, वर न येता ताडपत्रीपर्यंत पोहायचं आणि त्या भोकातून पलीकडे निघायचं. ‘ए’साठी अंतर ३ मीटर, ‘बी’साठी ६ आणि ‘सी’साठी ९.

नऊ मीटर म्हणजे जेमतेम काही सेकंदांचं काम. इथे दम मोजला जात नाही, मोजलं जातं भान. पाण्यात पडलेला माणूस होडीखाली अडकू शकतो, तरंगत्या तराफ्याखाली जाऊ शकतो. त्या क्षणी डोळे उघडून उजेड कुठे आहे ते बघणं आणि तिकडे जाणं, एवढंच त्याला जमायला हवं.

हे शिकवायची सुरुवात होते फुंकरीपासून. तोंड पाण्यात घालून नाकातून हळूहळू हवा सोडत राहिलं की नाकात पाणी शिरत नाही. हे एकदा मुलाच्या ध्यानात आलं की निम्मी भीती तिथेच संपते. मग डोळे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा हवेत भिंगासारखा काम करतो. पाण्यात त्याची ही ताकद जवळजवळ नाहीशी होते, म्हणून सगळं धूसर दिसतं. ‘धूसरच दिसणार’ हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर मूल घाबरून डोळे मिटून घेतं. शिक्षक पाण्याखाली बोटं धरतात आणि मुलाने ती मोजायची. गॉगल लावून हा धडा घेण्यात अर्थ नाही. घसरून पडणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल असेलच असं नाही. शिवाय खोल बुडीत गॉगल डोळ्यांवर दाबला जातो. नाक त्याच्या बाहेर असल्यामुळे आत हवा सोडून तो दाब कमी करता येत नाही.

त्यानंतरचा धडा मोठा गमतीचा असतो. मुलाला सांगायचं, ‘जा, तळाशी बसून ये.’ ते बसू शकत नाही! छातीत हवा भरलेली असली की शरीर वर येतं. कितीही हातपाय मारले तरी पाणी त्याला वर ढकलत राहतं. हवा सोडली की मग ते सावकाश खाली जातं. पाणी आपल्याला गिळायला टपलेलं नाही, हे शंभर वेळा सांगून पटत नाही; तळाशी बसायचा एक फसलेला प्रयत्न ते पटवून देतो. दिशाच कळेनाशी झाली तर थोडी हवा सोडायची आणि बुडबुडे जातात ती वरची बाजू समजायची, हेही याच वेळी शिकवता येतं.

बुडी दोन तऱ्हेची. डोक्याकडून जायचं तर कमरेत वाकून पाय सरळ हवेत न्यायचे. पाण्याबाहेर आलेल्या पायांचं वजनच शरीराला खाली लोटतं. पायांकडून जायचं तर उभ्यानेच हातांनी पाणी वर रेटायचं. तळ दिसत नसलेल्या गढूळ पाण्यात, खाणीच्या डबक्यात, अनोळखी विहिरीत डोकं पुढे घालून कधीच जाऊ नये. दोन मीटर खाली दाब हवेच्या दाबापेक्षा एक पंचमांशाने वाढतो आणि कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की मोकळं वाटतं. नाही वाटलं तर वर यायचं, हट्ट करायचा नाही. सर्दी झालेल्या मुलाला त्या दिवशी बुडी नकोच.

परीक्षकाने काय बघायचं, हे यावरूनच ठरतं. डोळे उघडे होते का? ताडपत्रीला धडकून गोंधळ उडाला, की भोक शोधून सरळ गेला? वर येताना नजर वर होती का, हात डोक्यापुढे होता का? आणि वर आल्यावर धापा टाकत काठ पकडला, की शांतपणे पोहत राहिला? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सेकंद मोजायचे नाहीत, याला पक्कं कारण आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू कमी झाल्याची जाणीव फार उशिरा होते, किंवा होतच नाही. काही मुलं बुडीआधी भराभरा खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कारण निरोगी माणसाचं रक्त आधीच जवळजवळ भरलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो आणि धोक्याची घंटाच बंद पडते. मग चांगला पोहणारा मुलगा, कमरेएवढ्या पाण्यात, काहीही न जाणवता बेशुद्ध होतो. बघणाऱ्यांना वाटतं, दम धरून बसलाय. अशा प्रसंगी अनेकदा पट्टीचे पोहणारेच जातात, कारण सवयीने ते अस्वस्थता मागे सारतात. म्हणून नियम साधे ठेवायचे: आधी एखाददुसरा नेहमीचा श्वास, एका वेळी एकच मूल पाण्याखाली, त्याच्यावर कुणाची तरी अखंड नजर आणि दोन बुड्यांमध्ये पुरेशी विश्रांती.

आपल्याकडे विहिरीत पाठीला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून पिढ्यान्‌पिढ्या पोरं पोहायला शिकली. तळाचा मूठभर गाळ वर आणून दाखवणं हीच तिथली परीक्षा. तिने धीट पोहणारे घडवले, हे कबूल. पण ती परीक्षा धाडसाची होती, आणि ‘कोण जास्त वेळ खाली राहतो’ ही तिची धाकटी बहीण आजही प्रत्येक तलावात खेळली जाते. ती बंद करायला हवी. दुसरी एक गफलतही टाळायला हवी: तळातली रिंग काढून आणणारं मूल बुडत्याला वाचवायला तयार झालं, असं समजू नका. त्याने आरडाओरडा करावा. काठी, दोर, रिकामा कॅन, हाताला लागेल ते काठावरूनच द्यावं.

उन्हाळी वर्गाला मुलाचं नाव घालताना ‘किती दिवसांत पोहायला येईल?’ एवढंच विचारून थांबू नका. डोळे उघडून पाण्याखाली जायला शिकवता का, कपड्यांवर पोहायला लावता का, आणि मुलं बुडी मारत असताना त्यांच्यावर नजर कोणाची असते, हेही विचारा. उत्तरं टाळली गेली तर दुसरा वर्ग शोधा.