दौंडचा कान

दौंड म्हटलें कीं सामान्य प्रवाशाला मनमाडकडे जाणारा फांटा, गाडीचें इंजिन पुढून काढून मागें लावीपर्यंत होणारा खोळंबा आणि भीमेचें पात्र एवढेंच आठवतें. परंतु या जंक्शनाच्या गांवाचा आणखी एक लौकिक होता, आणि तो पुणें जिल्ह्यांतील शिकल्यासवरल्या घरांतहि आज फारसा कोणास ठाऊक नाहीं. 6 सप्टेंबर 1927 रोजीं इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान ‘बीम’ पद्धतीचें बिनतारी दळणवळण सुरू झालें. तेव्हां येथून जाणारे संदेश खडकीहून सोडले जात आणि तिकडून येणारे संदेश दौंडला ऐकले जात. खडकी हें या व्यवस्थेचें मुख होतें, तर दौंड हा तिचा कान होता, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बीम म्हणजे झोत. दिव्यामागें आरसा ठेवला असतां प्रकाश जसा एकाच दिशेला फेकला जातो, तसें बिनतारी लहरींचें करतां येईल काय, हा प्रश्न मार्कोनीच्या कंपनींतील फ्रँकलिन या अभियंत्यानें सोडविला. उंच खांबांवर तारांचे पडदे टांगून त्यानें लघुलहरींचा झोत नेमक्या दिशेला वळविला. त्यामुळें थोड्या शक्तींत हजारों मैलांचें काम भागूं लागलें व संदेशांचे दर उतरले. समुद्रतळाशीं कोट्यवधि रुपयांच्या तारा घालून बसलेल्या कंपन्यांना त्याची इतकी धास्ती वाटली कीं, 1928 मध्यें त्यासाठीं लंडनला परिषद भरवावी लागली आणि पुढल्याच वर्षीं तारा व बिनतारी यांचा एकत्र संसार मांडावा लागला. 1 मे 1933 रोजीं लघुलहरींच्याच मार्गानें मुंबई व लंडन यांच्यामध्यें टेलिफोनवर बोलणेंहि सुरू झालें. 1947 च्या जानेवारींत ही सर्व व्यवस्था सरकारनें आपल्याकडे घेतली, आणि 1971 मध्यें जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें उपग्रहाशीं बोलणारें केंद्र उभें राहिल्यावर लघुलहरींचें महत्त्व ओसरूं लागलें.

मुख आणि कान यांच्यामध्यें इतकें अंतर कशासाठीं ठेवलें, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनांत येईल. ज्या ठिकाणीं नगारा वाजत आहे तेथें उभें राहून पलीकडच्या आळींतली कुजबूज ऐकूं येत नाहीं. सात समुद्र ओलांडून येणारी लहर अत्यंत क्षीण असते. शेजारीं प्रेषकयंत्राचा गोंगाट असला तर ती त्यांत बुडून जाते. म्हणून ऐकणाऱ्यानें दूर, निवांत जागीं जाऊन बसावें लागतें. याच न्यायानें पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें विशाल रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 तबकड्या आकाशांतील दूरच्या ताऱ्यांचा व तारकाविश्वांचा कानोसा घेतात. भीमा-घोड-कुकडीच्या या प्रदेशाला चांगलें ऐकण्याची जणूं परंपराच लाभली आहे!

आज मात्र आकाश पूर्वीसारखें मोकळें राहिलेलें नाहीं. दौंडच्या फलाटावर गार्डाच्या हातांत वॉकी-टॉकी असते. रांजणगांव आणि कुरकुंभ यांसारख्या ठिकाणीं कारखानदारी वाढली आहे. पोलीस, अग्निशामक दल, विमानतळ, मेट्रो हे सर्वच बिनतारीवर बोलतात. लहरी मोजक्या आणि बोलणारे अगणित, अशी स्थिति झाल्यावर जी तोड निघाली तिला ‘ट्रंक’ पद्धति म्हणतात. ही पद्धति समजण्यास दौंड स्थानकाचेंच उदाहरण पुरेसें आहे. प्रत्येक गाडीसाठीं एकेक फलाट कायमचा राखून ठेवला, तर कांहीं फलाट दिवसभर रिकामे पडतील आणि कांहीं गाड्या सिग्नलाबाहेर ताटकळतील. त्यापेक्षां केबिनमधील मनुष्यानें येणाऱ्या गाडीला त्या क्षणीं मोकळा असेल तो फलाट द्यावा, हें शहाणपणाचें. ट्रंक पद्धतींत केबिनचें काम संगणक करतो. एक वाहिनी केवळ हुकूम देण्याघेण्यासाठीं राखलेली असते. बोलणाऱ्यानें कळ दाबली कीं त्याचा संच या वाहिनीवर परवानगी मागतो, आणि संगणक त्या मंडळींतील सर्व संचांना ‘अमुक वाहिनीवर जा’ असें क्षणार्धांत सांगतो. पुढचें वाक्य कदाचित् भलत्याच वाहिनीवर निघतें. साध्या रेडिओनें एकच वाहिनी धरून बसणाऱ्याला त्यामुळें एका संभाषणाचे तुटक तुकडे तेवढे ऐकूं येतात.

येथेंच हौशी तरुणांना एक मोह पडतो. कारखान्यांत वापरतात तसला जुना व्यापारी संच बाजारांतून आणावा, त्यांत ट्रंक व्यवस्थेचे आंकडे भरावे आणि घरबसल्या सर्व ऐकावें! हे संच कानाचे तीक्ष्ण असतात, यांत शंका नाहीं. परंतु ते केवळ कान नव्हेत. त्यांना तोंडहि आहे. निव्वळ ग्राहकयंत्र मुकाट्यानें ऐकतें. व्यापारी संचाचा मूळ धर्म मात्र असा कीं, व्यवस्थेच्या कक्षेंत येतांच त्यानें स्वतःहून ‘मी अमक्या क्रमांकाचा, हजर आहें’ अशी वर्दी द्यावी. मालकानें कळ दाबली नाहीं तरी ही वर्दी जाते. व्यवस्थेच्या वहींत नसलेला क्रमांक संगणकाला तात्काळ कळतो. आणि एखाद्या खऱ्या संचाचाच क्रमांक चोरून घातला असेल, तर ऐन प्रसंगीं त्या खऱ्या संचाच्या कामांत घोटाळा होण्याचा संभव असतो. जो लहर सोडतो त्याचा ठावठिकाणाहि काढतां येतो. 1942 मध्यें मुंबईंत उषा मेहता व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओनें वारंवार जागा बदलल्या, तरी शोधक गाड्यांचा ससेमिरा चुकला नाहीं व नोव्हेंबरांत तो पकडला गेला. तो धोका देशकार्यासाठीं पत्करलेला होता. कुतूहलासाठीं तो पत्करणें हें साहस नसून अविचार होय.

कायदाहि या बाबतींत जुना आणि कडक आहे. 1933 च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून यंत्र जवळ बाळगणें हाच गुन्हा ठरविला होता. 2023 च्या दूरसंचार कायद्यानें आतां त्याची जागा टप्प्याटप्प्यानें घेतली आहे, आणि दुसऱ्याचे संदेश अनधिकारानें मध्येंच पकडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीहि, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या संचांना परवान्याची माफी आहे. पण बाजारांत मिळणारा प्रत्येक संच या माफींत बसतो असें नाहीं. इंटरनेटवरून वॉकी-टॉकी विकतांना ही माहिती दिली जात नाहीं म्हणून 2025 च्या मे महिन्यांत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अनेक विक्रेत्यांना नोटिसा दिल्या. मुलाच्या वाढदिवसाला खेळणें म्हणून असा संच घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे.

परंतु दंडाच्या भयापेक्षां एक मोठी गोष्ट आहे. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांना ती निराळी शिकवावयास नको. माजघरांतलें बोलणें ओसरीवर सहज ऐकूं येतें. तरीहि शहाणा मनुष्य तें ऐकून न ऐकल्यासारखें करतो. म्हणूनच दहा-पंधरा माणसें एका छपराखालीं सुखानें नांदतात. रुग्णवाहिकेच्या बिनतारीवर कोणाच्या तरी घरचें दुःख बोललें जात असतें. तें पकडतां येतें, एवढ्यावरून तें आपलें होत नाहीं. दौंडच्या केंद्रांत बसलेल्या लोकांच्या कानांवरून सट्टेबाजांचे भाव गेले असतील, तशाच मृत्यूच्या वार्ताहि गेल्या असतील. ज्याचा निरोप त्याला अचूक पोंचविणें एवढाच त्यांचा धर्म होता.

मग मुलांची हौस मारावी काय? मुळींच नाहीं, तिला योग्य वाट द्यावी. केंद्र सरकारची परीक्षा देऊन बारा वर्षांवरील कोणासहि हौशी रेडिओचा परवाना मिळवितां येतो. विजेचीं मूलतत्त्वें, लहरींचे गुण आणि नियम यांचा अभ्यास त्यांत आपोआप घडतो, आणि जगांतील लाखों समानधर्मीयांशीं उघडपणें बोलतां येतें. 26 डिसेंबर 2004 रोजीं त्सुनामीच्या लाटांनीं अंदमानचें दळणवळण तोडलें, तेव्हां भारती प्रसाद व त्यांचे हौशी सहकारी योगायोगानें पोर्ट ब्लेअरला आपल्या यंत्रांसह होते. हजारों माणसांच्या खुशालीचे निरोप त्यांच्यामुळें मुख्य भूमीवर पोंचूं शकले. चोरून ऐकणाऱ्याच्या हातून असें काम कधींहि झालें नसतें. कारण ज्याला आपलें ऐकणें लपवावें लागतें, त्याला संकटसमयीं तोंड उघडून मदत करतां येत नाहीं. मुलांच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं त्यांना हा भेद समजावून द्यावा; मग त्यांच्या कानांना खुशाल सारें आकाश मोकळें करावें.